दुपारचा दुरात्मा

या मननासाठी वेगळं आसन नको, दिवा नको, संगीत नको. जिथे बसला आहात तिथेच बसा. पाठ टेकली तरी चालेल. एवढंच ठरवा की हे वाचून होईपर्यंत जागा सोडायची नाही. मध्येच उठावंसं वाटेल. फोन बघावासा वाटेल, तहान लागल्यासारखी वाटेल, कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहिलंय हे नेमकं आत्ता आठवेल. आज त्या उठावंसं वाटण्याकडेच पाहायचं आहे. ते आलं की हाकलू नका. आलं, एवढं मनात नोंदवा आणि वाचत राहा.

आता मन इजिप्तला न्या, चौथ्या शतकाच्या अखेरीला. अलेक्झांड्रियाच्या आग्नेयेला नाईलच्या त्रिभुज प्रदेशाची हिरवी जमीन जिथे संपते आणि वाळू सुरू होते, तिथे केलिया नावाची ख्रिस्ती तापसांची वस्ती होती. कुट्या एकमेकींपासून इतक्या लांब बांधलेल्या, की शेजाऱ्याचा आवाज कानावर येऊ नये. शनिवारी-रविवारी सगळे चर्चमध्ये जमत, एकत्र प्रार्थना करत. मग पुन्हा आठवडाभर ज्याची त्याची कुटी. हातांनी दोर वळायचे, टोपल्या विणायच्या आणि तोंडाने स्तोत्रं म्हणत राहायचं. जेवण दिवसातून एकदा, सूर्योदयापासून मोजलेल्या नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. पुढे ही वस्ती ओस पडली आणि वाळूखाली गेली. १९६४ साली फ्रेंच संशोधक आंत्वान गियोमाँ यांना तिचा माग लागला आणि नंतरच्या उत्खननांत व पाहण्यांत दीड हजाराच्या आसपास वास्तूंच्या खुणा मिळाल्या. इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकेकटी बसली होती, हे आधी नीट मनात येऊ द्या.

त्यांच्यातला एक इव्हाग्रियस. साधारण ३४५ साली काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतात जन्मलेला, विद्वान, देखणा, वादविवादात पटाईत. कॉन्स्टँटिनोपलला त्याचं मोठं नाव झालं होतं. तिथे एका विवाहित स्त्रीवर त्याचं मन जडलं. प्रकरण हाताबाहेर जाणार हे ओळखून तो शहर सोडून जेरुसलेमला गेला. तिथे मेलेनिया नावाच्या थोर तपस्विनीच्या आश्रयाने राहिला, पण मन पुन्हा जुन्या थाटाकडे वळलं आणि तो दीर्घ आजारी पडला. वैद्यांना दुखणं कळेना. मेलेनियाने ते ओळखलं आणि मनात काय चाललंय ते सांग म्हणाली. त्याने सांगितलं, बरा झाला आणि इजिप्तच्या वाळवंटात गेला. आधी नायट्रिया आणि मग केलिया, जिथे तो ३९९ साली मरेपर्यंत राहिला. पोटापुरतं मिळवण्यासाठी तो पोथ्यांच्या नकला करत असे. त्याची हकिकत त्याचा शिष्य पॅलेडियस याने लिहून ठेवली आहे.

केलियात बसून इव्हाग्रियसने आपल्या मनात येणाऱ्या विचारांचा अभ्यास केला. साधकाला छळणारे आठ विचार त्याने सांगितले: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, क्रोध, अकेडिया, कीर्तीची हाव आणि गर्व. प्रत्येकामागे एकेक दुरात्मा. या आठांत सगळ्यांत जड म्हणून त्याने अकेडियाला वेगळं काढलं आणि त्याला दुपारचा दुरात्मा म्हटलं. हे नाव त्याला ग्रीक स्तोत्रसंहितेत सापडलं होतं. हाच दुरात्मा पुढे आळसाचा सैतान म्हणून ओळखला जाऊ लागला. पण ते पुढे. आधी त्याला त्याच्या मूळ जागी भेटू.

त्या कुटीत बसा. सकाळचे दहा वाजलेत. समोर अर्धवट वळलेला दोर आहे.

पहिल्यांदा बिघडतो तो सूर्य. हलेनासा होतो. दिवस पन्नास तासांचा असावा इतका लांबतो. मग डोळे खिडकीकडे जातात. मग पाय दाराकडे. बाहेर येऊन सूर्य किती वर आलाय, नववा तास व्हायला किती अवकाश आहे ते बघायचं. इकडे पाहायचं, तिकडे पाहायचं. कोणी बंधू येताना दिसतोय का? कोणी येत नसतं. आत यायचं. पुन्हा बाहेर जायचं.

इथे एकदा थांबा. आज सकाळपासून तुम्ही वेळ किती वेळा पाहिली? मोजू नका. वेळ पाहताना काय शोधत होता, तेवढंच आठवा. काहीतरी संपायची वाट पाहत होता, की काहीतरी सुरू व्हायची? की नुसतंच बघितलं आणि बघूनही किती वाजले ते ध्यानात राहिलं नाही? त्या तिसऱ्या बघण्यापाशी क्षणभर राहा.

पुढची पायरी जागेच्या विटाची. ही कुटी नको. हे काम नको. हे असलं जगणंच नको. आणि तिथूनच दुसरा धागा निघतो: इथल्या माणसांत आता प्रेम उरलेलं नाही, कोणी विचारपूस करत नाही, धीर द्यायला कोणी नाही. एवढ्यात कुणी काही लागेलसं बोललं असेल तर ते नेमकं आत्ता वर येतं आणि चांगलं मोठं होऊन येतं. इव्हाग्रियसचं हे निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. कामाचा कंटाळा आला, एवढ्यावर मन थांबत नाही. ते कारण शोधतं, आणि कारण म्हणून हाताशी असतात ती माणसं. शेजारचा भाऊ काल जसा होता तसाच आजही आहे. दुपारी मात्र तो परका दिसतो.

मग दुसरी जागा डोळ्यांपुढे येते. तिथे लागणारं सगळं सहज मिळेल, तिथलं काम कमी कष्टाचं असेल, जास्त फळेल. आणि देवाची भक्ती काय, कुठेही करता येते. हा युक्तिवाद खरा आहे, म्हणूनच तो धोक्याचा. भक्ती खरोखरच कुठेही करता येते. पण दुपारी बारा वाजता हे सत्य आठवतं ते कुटीबाहेर पडण्यासाठी. यानंतर घरची माणसं आठवतात, पूर्वीचं आयुष्य आठवतं. आणि शेवटी हा दुरात्मा उरलेलं आयुष्य उलगडून समोर पसरतो: हे असंच, अजून किती वर्षं! म्हातारपणापर्यंत हाच दोर, हीच भिंत.

डोळे मिटून तुमची स्वतःची ती दुसरी जागा पाहा. ती प्रत्येकाला असते. कुणाला दुसरं शहर, कुणाला दुसरी नोकरी, कुणाला दुसरं लग्न, कुणाला निवृत्तीनंतरचं गावाकडचं घर. ते स्वप्न वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते दिवसाच्या कोणत्या वेळेला येतं, तेवढं पाहा. सकाळी ताजेतवाने असताना येतं? की एखादं अवघड पान, अवघड माणूस, अवघड हिशोब समोर आला की येतं? घाई करू नका. उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्न आत ठेवा.

इव्हाग्रियसने वाचणाऱ्या साधकाचंही वर्णन केलं आहे, आणि स्वतः पोथ्या उतरवणाऱ्या माणसाने ते केलं म्हणून त्यातला तपशील जिवंत आहे. हा साधक वाचता वाचता जांभया देतो. डोळे चोळतो, हातपाय ताणतो. नजर पोथीवरून भिंतीकडे नेतो आणि परत आणतो. पानं उलटून पुढे किती राहिलंय ते मोजतो. अक्षराला नावं ठेवतो, सजावटीला नावं ठेवतो. शेवटी पोथी मिटून डोक्याखाली घेतो आणि झोपतो. तीही गाढ झोप नव्हे, कारण थोड्याच वेळात भूक त्याला उठवते. या सगळ्या वेळात हा माणूस निष्क्रिय कुठे होता? तो सतत काहीतरी करत होता. जे समोर होतं तेवढं सोडून बाकी सगळं.

आणि इथेच, चौथ्या शतकातल्या या दुरात्म्याची नीट ओळख पटते. तो लोळत पडायला सांगत नाही. तो उठायला सांगतो. इव्हाग्रियसचे विचार लॅटिन जगात नेणारा जॉन कॅसियन हे आणखी स्पष्ट करून सांगतो. कॅसियन इजिप्तमध्ये राहून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सेयला आला आणि साधारण ४२० च्या सुमारास मठजीवनावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा दहावा भाग पूर्ण अकेडियावर आहे. त्यात दिसतं की हा विचार सत्कर्माचा वेष घेऊनही येतो. अमक्या आजारी माणसाला भेटायला जायला हवं. तमकी भक्तिण एकटी आहे, तिला कोणी नाही. तिची चौकशी करणं हा तर धर्मच. कुटीत रिकामं बसण्यापेक्षा हे चांगलं नाही का? कॅसियन स्वतःचीही एक गोष्ट सांगतो. एकदा या विकाराने त्याला पुरतं ग्रासलं, तेव्हा तो धावत अब्बा पौल या ज्येष्ठ तापसाकडे गेला आणि त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने अब्बा मोझेसना सांगितलं की मी सुटलो. मोझेस म्हणाले, सुटला नाहीस, तू त्याला शरण गेलास. आता तो तुझ्यावर आणखी जोराने येईल, कारण तू पळून जातोस हे त्याला कळलं.

इथे पुन्हा थोडं राहा. कुणाच्या मदतीला धावून जाणं वाईट असं कॅसियन म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या दिवशी स्वतःच्या टेबलावर बसवत नव्हतं त्याच दिवशी आपण इतरांसाठी फार धावपळ केली, असा एखादा दिवस आठवतो का? आठवला तर स्वतःला बोल लावू नका. तो दिवस फक्त ओळखून ठेवा.

त्याच भागात कॅसियनने सांगितलेली अब्बा पौल नावाच्या एका तापसाची गोष्ट मला या साऱ्या परंपरेत सर्वांत न पचणारी वाटते, आणि म्हणूनच तिच्याशी बसून राहावंसं वाटतं. पौल वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर, खोल वाळवंटात राहत. खजुराची झाडं आणि छोटीशी बाग यांवर त्यांचं भागत होतं. टोपल्या विणून विकायला न्यायच्या तर वाहतुकीला मालाच्या किमतीहून जास्त खर्च. तरी ते झावळ्या गोळा करत आणि रोजचं ठरलेलं काम करत. वर्षाअखेर गुहा कामाने भरून गेली की सगळं जाळून टाकत आणि पुन्हा सुरू करत. आपल्या आजच्या हिशोबात हे वेडेपण आहे. ज्याला भाव नाही ते काम कशाला? पण पौलना कामाने काही मिळवायचं नव्हतं. त्यांना कामात राहायचं होतं. तुम्ही करता त्यांतलं असं कोणतं काम आहे, जे कोणी विकत घेणार नाही, कोणी वाखाणणार नाही, वर्षाअखेर ज्याची खूणही उरणार नाही? रोजचा स्वयंपाक आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा आहे. त्या कामाला बसताना दुपार कशी येते, ते ज्याचं त्याला माहीत.

आता या दुरात्म्याचं पुढे काय झालं ते पाहू, कारण तो आपल्यापर्यंत ज्या रूपात पोचला ते रूप मला चुकीचं वाटतं.

सहाव्या शतकाच्या अखेरीला पोप ग्रेगरी पहिले यांनी विकारांची यादी पुन्हा मांडली. त्यांनी खिन्नता आणि अकेडिया एकत्र केली, आणि तिथून सात मुख्य पापांची परंपरा घडत गेली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनस यांनी अकेडियाचा खोल विचार केला. त्यांच्या मते अकेडिया म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या चांगल्याबद्दल वाटणारी उदासी. प्रेमातून येणाऱ्या आनंदाची ती वैरी. आणि त्यांनी तिला शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेविरुद्धचं पाप म्हटलं. यावर थोडं थांबावं असं आहे. आळसाचं पाप विश्रांतीच्या आज्ञेविरुद्ध! मनाला देवाच्या ठायी टेकता न येणं, हाच त्यातला दोष. ज्याला बसवत नाही त्याला खरा विसावाही घेता येत नाही. रविवारची दुपार कशी जाते ते आठवा, म्हणजे अक्विनस काय म्हणतात ते वेगळं समजवावं लागणार नाही.

पण लोकांपर्यंत हे पोचलं नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची केली. कुटीतल्या तापसासाठी लिहिलेलं ज्ञान आता शेतकऱ्याला आणि सुताराला विचारायच्या प्रश्नांत बसवावं लागलं. प्रश्न साहजिकच बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचे झाले: चर्चला गेलास का, प्रार्थना चुकवल्यास का, काम टाळलंस का. चित्रकारांनाही झोपलेला माणूस काढणं सोपं गेलं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बॉशच्या नावे असलेलं सात पापांचं चित्र आहे. त्यात एक माणूस शेकोटीजवळ उशीला टेकून पेंगतोय आणि एक बाई जपमाळ घेऊन त्याला उठवायला आली आहे. ब्रुगेलच्या १५५७ च्या रेखाचित्रात आळसाची बाई गाढवाला टेकून झोपली आहे आणि आसपास गोगलगायी सरपटतायत. दान्तेने मात्र मूळ धागा सोडला नव्हता. त्याच्या ‘पुर्गातोरिओ’त, मृत्यूनंतर पापं धुवायच्या डोंगराच्या चौथ्या कड्यावरचे आळशी लोक झोपलेले नाहीत, ते पळतायत. आवेशाने, न थांबता. जे जिवंतपणी मनापासून धरलं नाही त्याच्याकडे ते आता धावतायत.

या दुरात्म्याला स्वतःचं विशेषनाम मिळालं ते आणखी उशिरा, आणि तो अध्याय काळा आहे. पेटर बिन्सफेल्ड हा जर्मनीतल्या ट्रिअरचा साहाय्यक बिशप. सात पापांना सात सैतान वाटून देणारी प्रसिद्ध यादी त्याच्या नावावर सांगितली जाते आणि तीत आळस बेल्फेगोरच्या वाट्याला येतो. बायबलच्या गणना पुस्तकात मोआबच्या पेओर डोंगरावरचा बआल येतो. त्याच्यावरून हे नाव आलं. बिन्सफेल्डचा मुख्य ग्रंथ १५८९ चा, चेटकिणींच्या कबुलीजबाबांवरचा. छळ करून मिळवलेली कबुली आणि तशा कबुलीत दुसऱ्यांची घेतलेली नावं विश्वासार्ह मानावीत, असं त्याचं म्हणणं. ट्रिअरमध्ये त्या वर्षांत चेटकाच्या आरोपाखाली शेकडो लोकांना मारण्यात आलं. त्याच १५८९ साली शहराचे न्यायाधीश डीट्रिश फ्लाडे यांनाही मारलं. या खटल्यांविरुद्ध लिहिणारे कॉर्नेलियस लोस यांना कैद झाली आणि १५९३ साली त्यांच्याकडून आपलं म्हणणं मागे घेववलं गेलं.

या बदलाकडे शांतपणे पाहा. इव्हाग्रियस दुरात्म्याला कुठे शोधत होता? स्वतःत. सूर्य हलत नाही असं मला वाटतंय. बंधूंत प्रेम उरलं नाही असं मला वाटतंय. बिन्सफेल्डच्या काळी त्याला शेजाऱ्याच्या घरात शोधू लागले. ज्ञान एकच, पण बोट कुणाकडे वळलंय यावर ते औषध होतं की विष, हे ठरलं.

बेल्फेगोरची पुढची कथा पटकन सांगण्यासारखी आहे. त्याही आधी माकियाव्हेलीने एका कथेत त्याला फ्लॉरेन्समध्ये लग्न करायला पाठवला होता. तिथे त्याचा आळसाशी काही संबंध नव्हता. १८६३ साली कॉलँ द प्लाँसीच्या सैतानकोशाच्या सचित्र आवृत्तीत लुई ल ब्रेतोंने त्याला शौचपीठावर बसवून चितारलं. १९२७ साली आर्थर बर्नेदने कादंबरी लिहून त्याला लूव्र संग्रहालयातलं भूत बनवलं आणि १९६५ साली ज्युलिएट ग्रेको असलेल्या दूरदर्शन मालिकेमुळे फ्रान्समध्ये ते नाव घराघरांत पोचलं. करमणूक म्हणून हे सगळं ठीक. त्यात कुणाला स्वतःची दुपार दिसली असेल असं वाटत नाही.

खरा वारसा दुसरीकडे चालू राहिला: कुणाला तरी आळशी म्हणण्यात. स्पॅनिश सत्तेने फिलिपिनो माणसाला आळशी ठरवलं. होसे रिझाल यांनी १८९० साली ‘ला सोलिदारिदाद’ या पाक्षिकात त्याला सविस्तर उत्तर दिलं: सक्तीची मजुरी, बुडवलेला व्यापार, कष्टाचं फळ हाती न लागण्याची खात्री, आणि त्यावर पुन्हा आळसाचा ठपका. १९७७ साली सय्यद हुसेन अलातास यांनी मलाय, जावानीज आणि फिलिपिनो लोकांवर वसाहतवाल्यांनी मारलेल्या याच शिक्क्याचा इतिहास पुस्तकरूपाने लिहिला. साम्राज्यं गेली, पण शिक्का हातोहात फिरत राहिला. घरातल्या मुलावर, मजुरावर, आजारी सुनेवर तो आजही मारला जातो.

आता एक कठीण गोष्ट करा. तुम्ही अलीकडे कुणाला आळशी म्हणालात ते आठवा. तोंडाने म्हणाला नसाल तर मनात. तो चेहरा समोर आणा. त्या माणसाची दुपार तुम्हाला माहीत आहे का? त्याला कोणतं काम टाळावंसं वाटतंय, त्या कामात त्याच्यासाठी काय उरलंय, तो रात्री झोपतो का, त्याच्याशी शेवटचं नीट कोण बोललं? काही ठरवू नका. फक्त तो शब्द त्या चेहऱ्यावरून उचलून परत घ्या. पुरेसा वेळ द्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अँड्र्यू सॉलोमन यांनी २००१ साली नैराश्यावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथाला या दुपारच्या दुरात्म्याचंच नाव दिलं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटू शकतात. कॅथलीन नॉरिस यांनी २००८ च्या पुस्तकात त्यांच्यातला फरक मांडायचा प्रयत्न केला. सीमारेषा पुसट आहे हे त्यांनाही जाणवत होतं. मी वाचकाला एवढंच सांगेन: झोप, भूक, आशा यांपैकी काही आठवडेच्या आठवडे हरवलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर हे मनन तुमच्यासाठी पुरेसं नाही. डॉक्टरांकडे जा. भारतात असाल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. आजाराला पाप समजू नका. तसंच, ज्या घरात मारहाण होते किंवा ज्या कामाच्या जागी माणसाचा मान जातो, तिथे टिकून राहणं ही साधना नव्हे. इव्हाग्रियसनेही कॉन्स्टँटिनोपल सोडलं होतं आणि ते सोडणं योग्य होतं. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत याची एक कसोटी दिली आहे: मन उजाड असताना आधीचा निश्चय बदलू नये. जायचं असेल तर जावं, पण तो निर्णय स्वच्छ मनाच्या वेळी झालेला असावा.

मग दुपारी करायचं काय?

इव्हाग्रियसचं पहिलं सांगणं: त्या वेळी कुटी सोडू नकोस. दुसरं मला फार हळुवार वाटतं: मनाचे दोन भाग कर, आणि एका भागाला दुसऱ्याचं सांत्वन करू दे. खचलेल्या भागाला धमकावायचं नाही, त्याला लाज आणायची नाही. त्याच्याशी बोलायचं, त्याच्यात चांगल्या आशा पेरायच्या. स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला तू इतका का खचलास असं विचारतो, तसं. या पद्धतीवर इव्हाग्रियसने एक वेगळा ग्रंथच केला: आठही विचारांना बायबलमधल्या वचनांनी उलट उत्तर देण्याचा. त्यातला सहावा भाग अकेडियासाठी आहे. चर्चच्या ५५३ सालच्या परिषदेनंतर इव्हाग्रियसचं नाव संशयास्पद ठरलं. त्याचं काही लेखन दुसऱ्यांच्या नावाखाली टिकलं, तर हा ग्रंथ सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत वाचला.

आत्ता करून पाहा. तुमच्यातला जो भाग कंटाळला आहे त्याला विचारा: काय झालं? उत्तर ऐका. मग जो भाग अजून इथे बसला आहे त्याला एक वाक्य बोलू द्या. आईने तापातल्या मुलाशी बोलावं, तितक्या साध्या भाषेत. एकच वाक्य. पुन्हा शांत बसा.

तिसरी गोष्ट इव्हाग्रियसहून जुनी आहे, संत अँथनी यांची. वाळवंटातल्या वचनांच्या संग्रहात अँथनींच्या नावावरची पहिलीच कथा अकेडियाची आहे, म्हणजे तापसांचा जो पिता मानला जातो त्यालाही ती सुटली नव्हती. अँथनी देवाला म्हणाले, मला तरायचं आहे, पण हे विचार सोडत नाहीत. थोड्या वेळाने उठून बाहेर गेले तर आपल्यासारखाच एक जण बसून काम करताना दिसला. तो कामावरून उठला, प्रार्थना केली, पुन्हा बसला, दोर वळू लागला, पुन्हा प्रार्थनेला उठला. तो देवदूत होता. असं कर म्हणजे तरशील, एवढंच तो म्हणाला. कुठलाही दिव्य अनुभव नाही, नवी जागा नाही. बसणं आणि उठणं, दोन्ही ठरलेलं, आळीपाळीने.

इव्हाग्रियसने या दुरात्म्याविषयी सांगितलेली शेवटची गोष्ट अशी की त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा कोणी येत नाही. त्याच्याशी झगडून झालं की एक शांतता येते, आणि शब्दांत न मावणारा आनंद. सोळाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे स्वतः पाहून लिहिलं. ते तुम्हाला खरं मानायला मी सांगत नाही. येत्या आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, दहा ते दोनच्या दरम्यान, स्वतः पाहा.

आता तुम्ही उठू शकता. पण त्याआधी, हे वाचायला बसताना कोणतं काम बाजूला सारलं होतं ते आठवा, आणि त्या कामाकडे जा.